काठ : काशीचे घाट आणि आजची चित्रकला

मराठीत ‘काठ’ हा शब्द दोन ठिकाणी सारख्याच सहजतेने येतो. नदीला काठ असतो आणि साडीलाही काठ असतो. साडीचा काठ शोभा तर वाढवतोच, पण त्याचे खरे काम वस्त्राची कड धरून ठेवण्याचे असते. काठ विरला की उत्तम वस्त्रही हळूहळू सुटत जाते. नदीच्या काठाचेही काहीसे तसेच आहे. पाणी आणि जमीन यांची सततची ओढाताण सांभाळून धरण्याचे काम तो करीत असतो.

या दोन्ही काठांसाठी एकाच वेळी ख्यातनाम असलेले नगर म्हणजे काशी. आपल्याकडच्या लग्नघरांतील शालूंची परंपरा बनारसच्या मागांशी जोडलेली आहे, आणि काशीयात्रेची ओढ तर मराठी मनात कित्येक पिढ्यांपासून आहे. परंतु स्वातंत्र्योत्तर भारतीय चित्रकलेतील काही मोठी वळणेही याच काठावर आली, आणि त्यांतील एक वळण अलिबागजवळच्या समुद्रकाठी जन्मलेल्या एका मराठी चित्रकाराच्या आयुष्यातले आहे, ही गोष्ट मात्र आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. पाणी आणि भूमी यांच्या नात्याचा शोध घेणाऱ्या आजच्या कलेची ही ओळख, काशीच्या घाटावर उभे राहून करून घेण्याचा हा प्रयत्न आहे.

भरलेला काठ, रिकामा काठ

गंगा सामान्यतः पूर्वेकडे वाहते. काशीपाशी मात्र ती वळण घेऊन उत्तरवाहिनी होते. या वळणाच्या बाहेरच्या बाजूस, म्हणजे पश्चिम तीरावर, कंकरमिश्रित चिकणमातीचा उंच आणि टणक कडा आहे. नदीचा प्रवाह या कड्यावर येऊन धडकतो, पण कडा सहजासहजी ढासळत नाही. वळणाच्या आतल्या बाजूस, पूर्व तीरावर, प्रवाह मंदावतो आणि आपल्याबरोबर आणलेली वाळू तेथे टाकून पुढे जातो. त्यामुळे एका तीरावर अस्सीपासून राजघाटापर्यंत सुमारे साडेसहा किलोमीटर लांबीची ८४ घाटांची अर्धचंद्राकृती रांग उभी राहिली, तर समोरच्या तीरावर नजर पोचेल तेथवर रेती पसरलेली दिसते.

पहाटे नावेत बसून नदीच्या मध्यावर गेले की हे दृश्य पुरतेपणी कळते. एका हाताला मंदिरे, वाडे, शिखरे, छत्र्या, पायऱ्या आणि माणसे यांची दाटी असते. दुसऱ्या हाताला काहीच नसते आणि त्या ‘काहीच नसण्या’तून सूर्य वर येतो. जगातील फार थोड्या नगरांना असा एक पूर्ण भरलेला आणि एक पूर्ण रिकामा काठ लाभला असेल. चित्रकाराच्या दृष्टीने पाहिले तर निसर्गाने येथे अर्धी रचना आधीच करून ठेवली आहे.

त्यातही हा काठ स्थिर नाही. उन्हाळ्यात गंगा खूप खाली जाते, तेव्हा पायऱ्यांच्या तळाशी चिखलाचा पट्टा उघडा पडतो. पावसाळ्यात तीच नदी १० मीटरहून अधिक चढते. घाटाघाटांना जोडणारी पायवाट नाहीशी होते, आरती वरच्या पायऱ्यांवर किंवा छतांवर न्यावी लागते आणि दाहसंस्कारही वर सरकतात. काशीतील गंगेची धोक्याची पातळी ७१.२६ मीटर मानली जाते. १९७८ च्या महापुरात पाणी ७३.९० मीटरपर्यंत चढले होते. म्हणजे पाणी कोठे संपते आणि जमीन कोठे सुरू होते, या प्रश्नाचे काशीतील उत्तर महिन्यागणिक बदलते. घाटाची पायरी ही मुळात त्या बदलत्या उत्तरासाठीच बांधलेली आहे. नदी कोठेही असली तरी माणसाला तिच्यापर्यंत उतरता यावे, एवढी सोय ती करते.

मराठी आश्रयाने उभ्या राहिलेल्या पायऱ्या

या पायऱ्यांशी महाराष्ट्राचा संबंध फार जवळचा आहे. संत एकनाथांनी आपली भागवतावरील टीका १५७३ मध्ये काशीतच पूर्ण केली, हे सर्वश्रुत आहे. अठराव्या शतकात मराठी सत्ता उत्तरेत पसरली आणि काशीच्या काठाचे रूपच पालटू लागले. आज ज्या दशाश्वमेध घाटावर सायंकाळी सर्वाधिक गर्दी होते, तो १७४८ मध्ये बाळाजी बाजीराव उर्फ नानासाहेब पेशवे यांनी बांधवून घेतला आणि पुढे अहिल्याबाई होळकरांनी त्याचा विस्तार केला, असे सांगितले जाते. मणिकर्णिका घाटाच्या बांधकामाशीही अहिल्याबाईंचे नाव निगडित आहे, आणि काशीविश्वनाथाचे आजचे मंदिर १७८० मध्ये त्यांनीच उभारले. नागपूरकर भोसल्यांचा भोसले घाट, अमृतराव पेशव्यांच्या नावाशी जोडलेला राजा घाट, बायजाबाई शिंद्यांचा शिंदे घाट अशी ही नामावली आणखी लांबवता येईल. दुर्गा घाट आणि ब्रह्मा घाट यांच्या मागच्या गल्ल्यांतून आजही मराठी आडनावांची घरे आढळतात.

शिंदे घाटाची कथा आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष बोलकी आहे. १८३० च्या सुमारास बायजाबाईंनी बांधवून घेतलेला हा घाट इतका भव्य आणि वजनदार होता की तो स्वतःच्याच भाराने खचला. पुढे १९३७ मध्ये त्याची पुन्हा उभारणी झाली. त्याच्या शेजारी, मणिकर्णिकेच्या बाजूला, रत्नेश्वर महादेवाचे सुबक पाषाणमंदिर आजही एका बाजूस स्पष्ट कललेले दिसते. वर्षातला बराच काळ त्याचा गाभारा पाण्याखाली असतो. पाणी ओसरले की गाळ उपसला जातो, देव दिसू लागतो आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा जलमग्न होतो. दगड कितीही मोठा असला तरी काठावर अंतिम निर्णय माणसाचा नसतो, हे या दोन वास्तू न बोलता सांगतात.

टाकसाळीतला चित्रकार

काशीचा हा काठ चित्रकारांना फार पूर्वीपासून खुणावत आला आहे. विल्यम हॉजेस आणि नंतर थॉमस व विल्यम डॅनियल या इंग्रज चित्रकारांनी अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत घाटांची चित्रे काढली. तथापि आमच्यासारख्या पैशाच्या व्यवहारात वावरणाऱ्यांना विशेष जवळचा वाटेल तो जेम्स प्रिन्सेप. ब्राह्मी लिपीचा उलगडा करणारा विद्वान म्हणून आपण त्याला ओळखतो. पण १८२० ते १८३० या काळात तो बनारसच्या टाकसाळीत धातूंचा कस पारखणारा अधिकारी होता. सोन्या-चांदीची पारख करता करता त्याने नगराचा नकाशा तयार केला, लोकसंख्येची मोजणी केली आणि घाटांची अत्यंत तपशीलवार रेखाचित्रे काढली. ‘बनारस इलस्ट्रेटेड’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या त्या चित्रांत पायऱ्या, छत्र्या, होड्या आणि माणसे हिशेबनीसाच्या काटेकोरपणाने नोंदलेली दिसतात.

प्रिन्सेपच्या चित्रांत काठ म्हणजे पाहण्याजोगे, नोंदून ठेवण्याजोगे स्थळ आहे. काठ ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे, हे जाणण्यासाठी आणखी १३० वर्षे जावी लागली.

डोंगर, नदी आणि समुद्र

१९६० आणि १९६१ या दोन वर्षांत तीन चित्रकार काशीत आले. एक डोंगरातला, एक नदीकाठचा आणि एक समुद्रकाठचा.

पहिले रामकुमार. त्यांचा जन्म १९२४ मध्ये सिमल्याचा. दिल्लीत अर्थशास्त्राचे शिक्षण घेऊन ते बँकेत नोकरीस लागले होते. १९४८ मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली आणि चित्रकलेला वाहून घेतले. बँकेच्या सुरक्षित खुर्चीतून उठून अनिश्चिततेच्या वाटेने जाणाऱ्या या आपल्या व्यवसायबंधूचे धाडस आपल्याला आजही अचंबित करते. पॅरिसमध्ये आंद्रे ल्होत आणि फेर्नां लेजे यांच्याकडे शिकून ते परतले. ते हिंदीतील नावाजलेले कथाकारही होते. त्यांच्या पन्नाशीच्या दशकातील चित्रांत शहरातली एकाकी, उदास, बेकार माणसे मोठ्या डोळ्यांनी आपल्याकडे पाहतात.

दुसरे मकबूल फिदा हुसेन. त्यांचा जन्म १९१५ मध्ये पंढरपूरचा, म्हणजे चंद्रभागेच्या काठचा. आई त्यांच्या अगदी लहानपणी गेली आणि त्यांचे बालपण होळकरांच्या इंदुरात गेले. पुढे मुंबईत चित्रपटांचे फलक रंगवून त्यांनी उमेदीची वर्षे काढली.

१९६० च्या हिवाळ्यात रामकुमार आणि हुसेन हे दोघे मित्र एकत्रच काशीला गेले. दिवसभर नगरात हिंडून रेखाटने करणे हा त्यांचा क्रम होता. एकच नगर, एकच ऋतू आणि एकच काठ. परंतु दोघांच्या हाती लागले ते अगदी भिन्न. हुसेन यांची रेषा मुळातच माणसांत, प्राण्यांत, हालचालीत रमणारी होती. रामकुमारांच्या बाबतीत मात्र उलटे घडले. ज्या घाटावर माणसांची सर्वाधिक दाटी असते, त्या घाटावर त्यांच्या चित्रांतील माणसे नाहीशी झाली.

काशीनंतरच्या त्यांच्या चित्रांत करड्या, तपकिरी आणि काळसर रंगांच्या थरांत एकमेकांना खेटून उभी असलेली घरे दिसतात. खिडक्या आहेत, पण त्यांतून कोणी डोकावत नाही. पायऱ्या आहेत, पण त्यांवरून कोणी उतरत नाही. खाली किंवा मधून पाण्याचा एखादा निस्तेज पट्टा जातो. मृत्यू, वैधव्य आणि श्रद्धा यांचे जे ओझे घेऊन माणसे या काठावर येतात, ते ओझे चेहऱ्यांतून दाखवण्याऐवजी रामकुमारांनी भिंती, पायऱ्या आणि पाणी यांच्यावर ठेवले. पुढे घरेही विरघळत गेली आणि उरले ते रंगांचे तुकडे. काही भूमीसारखे, काही पाण्यासारखे, काही दोहोंच्या मधले. २०१८ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत हा शोध चालूच राहिला. काशीचा काठ त्यांच्या चित्रांतून कधी गेलाच नाही. फक्त तो ओळखण्यासाठी आपल्याला थोडे थांबून पाहावे लागते.

नागावचा मुलगा, बनारसचे माग

तिसरे चित्रकार प्रभाकर बरवे. अलिबागच्या दक्षिणेस नारळी-पोफळीच्या वाड्यांनी भरलेले नागाव हे त्यांचे जन्मगाव, जन्मसाल १९३६. सासवणे येथील ख्यातनाम शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर हे त्यांच्या नात्यातले. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतून १९५९ मध्ये त्यांनी शिक्षण पूर्ण केले.

नागावच्या किनाऱ्यावर ज्याने पाऊल टाकले आहे, त्याला तेथील काठाचा स्वभाव वेगळा सांगायला नको. भरती आली की समुद्र वर येतो. ओहोटी लागली की ओल्या वाळूचे विस्तीर्ण मैदान उघडे पडते आणि त्यावर शंख, शिंपले, दोरीचे तुकडे, पाने अशा नाना वस्तू विखुरलेल्या राहतात. जवळच्याच अलिबागचा कुलाबा किल्ला भरतीच्या वेळी बेट असतो आणि ओहोटीच्या वेळी पायी गाठता येतो. काशीच्या गंगेचा काठ जे वर्षातून एकदा करतो, ते कोकणचा समुद्र दिवसातून दोनदा करतो.

स्वातंत्र्यानंतर हातमागाला नवसंजीवनी देण्यासाठी १९५० च्या दशकात देशात विणकर सेवा केंद्रे स्थापन झाली. पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने या केंद्रांत चित्रकारांना नेमण्यात आले. आधुनिक चित्रकाराने नक्षीचा नवा विचार करावा, विणकराने तो मागावर उतरवावा आणि दोघांनी एकमेकांकडून शिकावे, अशी ती कल्पना होती. के. जी. सुब्रमण्यन, मनू पारेख अशा अनेक पुढे गाजलेल्या कलावंतांनी या केंद्रांत काम केले. बरवे १९६१ मध्ये या सेवेत दाखल झाले आणि १९६५ पर्यंत त्यांचा मुक्काम वाराणसीच्या केंद्रात होता.

त्या चार-पाच वर्षांत बरव्यांच्या भोवती दोन्ही काठ होते. मागावर शालूचा काठ विणला जात होता. चौकटीच्या कागदावर एकेक घर भरून नक्षी आखायची, त्यावरून छिद्रांचे पुठ्ठे तयार करायचे आणि त्यांच्या आधाराने विणकराने जर भरायची, हे काम रेषा आणि पोकळी यांचा काटेकोर हिशेब शिकवणारे आहे. भरलेल्या घराइतकेच रिकामे सोडलेले घरही नक्षी घडवते, हे मागावर जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसेल. आणि काही अंतरावर नदी होती. तिच्या एका तीरावर सारे भरलेले होते आणि दुसऱ्या तीरावर रिकामे.

काशीतच बरव्यांची तांत्रिक प्रतिमांशी, यंत्रांशी आणि चिन्हांशी ओळख झाली आणि साठच्या दशकातील त्यांच्या चित्रांवर तिचा ठसा उमटला. पण ते तेथेच थांबले नाहीत. मुंबईस परतल्यावर हळूहळू ती चिन्हे मागे पडली आणि त्यांची जागा अगदी साध्या वस्तूंनी घेतली. घड्याळ, पान, फळ, शिंपला, पक्षी, अक्षर, ढग. एनॅमल रंगांच्या सपाट, नितळ पृष्ठभागावर या वस्तू एकमेकींपासून अंतर राखून असतात. कोणतीही वस्तू कशावर ठेवलेली नसते. ती पाण्यात आहे की जमिनीवर की आकाशात, हे ठरवता येत नाही. ‘ब्लू क्लाउड’ या त्यांच्या चित्राला १९७६ मध्ये ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आकार आणि अवकाश यांच्या नात्यावर त्यांनी मराठीतून केलेले चिंतन १९९० मध्ये ‘कोरा कॅनव्हास’ या पुस्तकाच्या रूपाने मौज प्रकाशन गृहाने प्रसिद्ध केले. १९९५ मध्ये बरवे गेले. २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या समग्र कार्याचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा नव्या पिढीला त्यांची पुन्हा ओळख झाली.

बरव्यांची चित्रे ही समुद्राची किंवा नदीची चित्रे आहेत, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. परंतु ओहोटीनंतर ओल्या वाळूवर एकएकट्या पडून राहिलेल्या वस्तू ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ती चित्रे अनोळखी वाटत नाहीत, असा माझा अनुभव आहे. पाणी सरले आहे, जमीन अजून पुरती जमीन झालेली नाही आणि मधल्या त्या क्षणात प्रत्येक वस्तू प्रथमच पाहिल्यासारखी दिसते. बालपणीचा समुद्र आणि तरुणपणीची गंगा या दोघांनी मिळून ही दृष्टी त्यांना दिली असेल, असे मानण्याचा मोह आवरत नाही.

यानंतर काशीस आलेल्या कलावंतांत मनू पारेख यांचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. १९३९ मध्ये अहमदाबादेत जन्मलेले आणि ज. जी. कलाशाळेतच शिकलेले पारेख १९८० च्या सुमारास काशीकडे वळले आणि त्यानंतर कित्येक दशके त्याच नगराची चित्रे काढत राहिले. रामकुमारांनी जो काठ करडा आणि निर्मनुष्य केला, तो पारेखांनी रात्रीच्या दिव्यांनी, फुलांनी आणि गडद रंगांनी भरून टाकला. त्यांचा विषय श्रद्धा हा आहे. त्यांच्या चित्रांतील गंगा काळीशार असते आणि तिच्यावर दिवे तरंगत असतात. एकाच काठाच्या या दोन साक्षी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात, म्हणजे दोन्ही खऱ्या आहेत हे पटते.

भरती-ओहोटीच्या हाती सोपवलेली शिल्पे

याच काळात जगात अन्यत्रही कलावंत काठाकडे वळले होते. अमेरिकेत रॉबर्ट स्मिथसन याने १९७० मध्ये युटा राज्यातील ‘ग्रेट सॉल्ट लेक’ या खाऱ्या सरोवरात दगड-मातीचा सुमारे ४६० मीटर लांबीचा वळणावळणाचा धक्का बांधला. ‘स्पायरल जेटी’ हे त्याचे नाव. काही वर्षांतच सरोवराची पातळी वाढून ती कलाकृती बुडाली. २००२ च्या सुमारास दुष्काळात पाणी उतरले, तेव्हा ती मिठाचा पांढरा थर लेवून पुन्हा प्रकटली. आज सरोवर आटत चालल्यामुळे पाणी तिच्यापासून बरेच दूर गेले आहे. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलजवळच्या क्रॉस्बी किनाऱ्यावर अँटनी गॉर्मली यांच्या १०० लोखंडी मनुष्याकृती समुद्राकडे तोंड करून उभ्या आहेत. भरतीला त्यांतल्या कित्येक बुडतात, ओहोटीला पुन्हा वर येतात. त्या पाहणाऱ्या भारतीयाला रत्नेश्वराच्या मंदिराची आठवण व्हावी, यात नवल नाही.

आपल्याकडे १२ डिसेंबर २०१२ रोजी कोची येथे पहिले कोची-मुझिरिस बिनाले सुरू झाले. त्याच्या नावातच काठाची कहाणी आहे. प्राचीन काळी मिऱ्यांच्या व्यापारासाठी रोमपर्यंत ख्याती असलेले मुझिरिस बंदर १३४१ च्या महापुरात गाळाने बुजले आणि त्याच सुमारास कोचीचे मुख खुले झाले, असे मानले जाते. एका बंदराचा अस्त आणि दुसऱ्याचा उदय नदीच्या गाळाने घडवला! या प्रदर्शनात विवान सुंदरम यांनी पट्टणम येथील उत्खननात निघालेल्या मडक्यांच्या हजारो खापरांतून बुडालेले नगर रचले होते. दिल्लीतील रवी अगरवाल आणि अतुल भल्ला यांनी यमुनेचा काठ हाच आपल्या कामाचा विषय केला आहे. जुन्या चित्रकाराने काठाचे सौंदर्य पाहिले. आजचा कलावंत त्याबरोबरच काठाचे आरोग्यही पाहतो आहे.

काठ राखावा लागतो

आणि तसे पाहणे आवश्यकच आहे. काशीच्या गंगेतून वाहणारी माती येथे थांबत नाही. गंगा आणि ब्रह्मपुत्रा मिळून दरवर्षी सुमारे १०० कोटी टन गाळ बंगालच्या उपसागराकडे नेतात, असा अंदाज आहे. हिमालय झिजतो आणि बंगालची जमीन घडते. परंतु जेथे ही जमीन घडते तेथेच ती नाहीशीही होते. गंगासागरच्या यात्रेसाठी प्रसिद्ध असलेल्या सागर बेटाच्या उत्तरेचे घोडामारा बेट गेल्या काही दशकांत आपला मोठा भाग पाण्याला देऊन बसले आहे. आपल्या कोकणातही खारजमिनींचे बांध फुटून शेतात खारे पाणी शिरते, तेव्हा काठ राखणे म्हणजे काय हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही.

काशीतही माणसाने काठ हवा तसा आखण्याचे प्रयत्न केले आहेत. घाटांसमोरच्या वाळूत १९८९ मध्ये कासवांचे अभयारण्य घोषित झाले आणि २०२० मध्ये ते रद्द करण्यात आले. २०२१ मध्ये पूर्व तीरावरील रेतीतून सुमारे ५ किलोमीटर लांबीचा कालवा खोदण्यात आला. त्याच वर्षी नदी चढली आणि तो गाळाने भरून गेला. डिसेंबर २०२१ मध्ये विश्वनाथ मंदिरापासून थेट गंगेपर्यंत प्रशस्त मार्ग खुला झाला. त्या परिसरात अहिल्याबाईंची मूर्ती बसवण्यात आली आहे. नवे बांधकाम होतच राहणार. अठराव्या शतकातही ते झाले होते. प्रश्न एवढाच की नदीच्या चढउताराला त्यात किती जागा ठेवली जाते. पायरीने ती जागा ठेवली होती. शिंदे घाट खचला, कारण त्याच्या भाराखालच्या मातीचा अंदाज चुकला होता.

काही वर्षांपूर्वी पावसाळा सरल्यानंतर काशीस जाण्याचा योग आला होता. घाटावर पोचलो तेव्हा अपेक्षिलेले दृश्य समोर नव्हते. पुराचे पाणी नुकतेच उतरले होते आणि पायऱ्या गुडघाभर, कोठे कंबरभर करड्या गाळाखाली गेल्या होत्या. कामगार पंपाने नदीचेच पाणी उपसून, जाड नळीच्या धारेने तो गाळ पुन्हा नदीत लोटत होते. एकेक पायरी हळूहळू उघडी होत होती. चौकशी केली तेव्हा कळले की हे काम दरवर्षी करावे लागते आणि देवदीपावलीपूर्वी घाट मोकळे व्हावेत म्हणून आठवडेच्या आठवडे चालते. आमच्या नावाड्याने भिंतीवरची १९७८ च्या पुराची खूण दाखवली. ती आमच्या डोक्याच्या कितीतरी वर होती. मग तो अगदी सहजपणे म्हणाला, “मैया ऊपर आती हैं, फिर हम लोग उन्हें नीचे छोड़ आते हैं.”

त्या वाक्याने मला काठाचा अर्थ समजला. पाणी आणि जमीन यांच्यातली ती कायमची आखलेली सीमा नव्हे; तो दरवर्षी नव्याने करावा लागणारा करार आहे. आमच्या व्यवसायात नूतनीकरण न झालेला करार हळूहळू निरर्थक होतो, हे आम्ही रोज पाहतो. काठाचेही तसेच आहे. पेशव्यांनी घाट बांधला, अहिल्याबाईंनी तो वाढवला. पण गेली अडीचशे वर्षे तो घाट म्हणून उरला, तो दर शरदात गाळ उपसणाऱ्या अनाम हातांमुळे. विणकराच्या हातांचेही हेच. बनारसी शालूला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु काठ विणणारा हात मागावर टिकला तरच त्या मानांकनाला अर्थ आहे.

रामकुमार, बरवे, पारेख यांची चित्रे मोठ्या शहरांतील संग्रहालयांत पाहायला मिळतात. मुंबई किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात जाण्याचा प्रसंग आला, तर ती आवर्जून शोधावीत. काशीला जाणाऱ्यांनी हिंदू विश्वविद्यालयातील भारत कला भवनासही भेट द्यावी. पण त्याआधी पहाटे एक नाव करावी. दशाश्वमेधापासून थोडे आत, नदीच्या मध्यावर गेले की नावाड्याला वल्ही थांबवायला सांगावे. मग एकदा गजबजलेल्या तीराकडे पाहावे आणि एकदा रेतीच्या तीराकडे. पायऱ्या पाण्यात उतरताना दिसतात, पण त्यांतली शेवटची पायरी कोणती, हे मात्र कोणालाही सांगता येत नाही. ती पाण्याखालीच असते.